नाणेघाटचा एक फोटो, सहा पट्ट्या आणि दोन प्रिंट

मला एकच प्रिंट हवी होती. सोळा बाय चोवीस इंच, अण्णांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावायला. जूनच्या शेवटी पुण्यात टिळक रस्त्याच्या मागच्या गल्लीतल्या या फोटो छापून देणाऱ्या दुकानाचा जिना चढले, तेव्हा पेनड्राइव्हमध्ये त्याच फोटोच्या दोन फाइली होत्या, एक रंगीत आणि एक ब्लॅक अँड व्हाइट. आठ महिने मी या दोन फाइली लॅपटॉपवर आलटून पालटून बघत होते आणि माझं ठरत नव्हतं. वाटलं, रोज फोटो छापणारा माणूस आहे, बघताक्षणी सांगेल.

मालकांनी सांगितलं नाही. दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या, बराच वेळ बघितल्या आणि म्हणाले, "ताई, आज मोठी प्रिंट काढायची नाही. पट्ट्या काढू. घरी न्या, चार दिवस भिंतीला लावा, मग या." पट्ट्या म्हणजे त्याच फोटोच्या छोट्या नमुना-प्रिंट. मालकांच्या या एका सांगण्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे. पुण्यात चांगल्या मशिनवर छापून देणारे पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक पैसे घेऊन समोर उभं असताना त्याला घरी जाऊन बघायला लावणारे मला पहिल्यांदा भेटले.

फोटो कसला आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. १ ऑक्टोबर २०२२, नवरात्र चालू होतं, सकाळी सातला दहा कमी. नाणेघाटाच्या पठारावर उभं राहून दक्षिणेकडे कॅमेरा. समोर जीवधन गड, त्याच्यापासून सुटा उभा असलेला वानरलिंगीचा सुळका, आणि उजवीकडे कोकणातून वर चढत येणारे ढग. सूर्य डावीकडून आलेला, त्यामुळे सुळक्याची पूर्वेची कड तेवढी तांबूस उजळली आहे आणि बाकीचा कातळ निळसर सावलीत आहे. पायाशी गुडघाभर गवत आणि त्यात सोनकी फुललेली. पावसाळा सरता सरता सह्याद्रीचे सडे आणि पठारं पिवळी करून टाकणारं ते साधं फूल. आकाश वरच्या भागात स्वच्छ निळं, खाली क्षितिजाशी धुरकट पांढरं.

अण्णा जुन्नरला एसटीत कंडक्टर होते. घाटघरच्या गाडीवर त्यांची कितीतरी वर्षं गेली. त्यामुळे जीवधन हा त्यांना गड म्हणून कमी आणि शेवटचा थांबा आल्याची खूण म्हणून जास्त माहीत. आता ते कोथरूडला आमच्याकडे असतात. गुडघ्यांमुळे नाणेघाट बंद झाला, म्हणून हा फोटो.

दुकान म्हणजे दोन खोल्या. मालकांचे वडील इथेच डार्करूम चालवत. कपाटावर उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' कागदाचा एक रिकामा डबा अजून ठेवलेला आहे. आता खिडकीशी एप्सनचा पी ९०० प्रिंटर आहे, दहा शायांचा. त्यात मॅट कागदाची काळी शाई वेगळी आणि चकचकीत कागदाची काळी वेगळी, आणि एकीवरून दुसरीवर जाताना शाई वाया जात नाही. म्हणूनच त्यांना दोन जातींच्या कागदांवर लागोपाठ पट्ट्या काढून देणं परवडतं. कागद दोन्ही हानेम्यूले कंपनीचे. एक फोटो रॅग, चौरस मीटरला ३०८ ग्रॅमचा, निव्वळ कापसाचा, हाताला चित्रकलेच्या कागदासारखा लागणारा. दुसरा फोटो रॅग बरायटा, ३१५ ग्रॅमचा, तकतकीत, ज्यावर काळा रंग फार खोल उतरतो.

एकूण सहा पट्ट्या निघाल्या, प्रत्येक चार बाय दहा इंचाची. दोन रंगीत, दोन कागदांवर. चार ब्लॅक अँड व्हाइट. मी विचारलं, ब्लॅक अँड व्हाइटच्या चार कशाला? तेव्हा त्यांनी जे दाखवलं ते मी शाळेत विज्ञान शिकवत असूनही कधी नीट डोळ्यांनी बघितलं नव्हतं.

रंगीत फोटोचा करडा करायचा म्हणजे प्रत्येक रंगाला किती उजेड द्यायचा ते कोणीतरी ठरवावं लागतं. आपण नाही ठरवलं तर सॉफ्टवेअर ठरवतं. टीव्ही-कॉम्प्युटरच्या पडद्यांसाठीचं जे मानक आहे त्यात उजेडाच्या हिशोबात हिरव्याला साधारण ७२ टक्के वजन आहे, लालला २१ आणि निळ्याला जेमतेम ७. आपला डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त जागा असतो, त्यावरून ते आलेलं आहे. पण सह्याद्रीच्या पावसाळ्यात याची पंचाईत होते. गवत हिरवं, झाडी हिरवी, कातळावरचं शेवाळ हिरवं. डोळ्याला त्यात दहा प्रकारचे हिरवे दिसतात, आणि करड्यात उतरवलं की सगळे जवळजवळ एकाच पायरीवर येऊन बसतात. माझी घरून नेलेली ब्लॅक अँड व्हाइट फाइल अशीच होती. बटण दाबून केलेली. पहिली पट्टी तिची. गवत आणि गडाचा पायथा एकच सपाट करडा, मध्ये कुठे घडी नाही, खोली नाही.

दुसरी पट्टी त्यांनी लाल वाढवून काढली, म्हणजे कॅमेऱ्यावर लाल काचेचा फिल्टर लावून काढल्यासारखी. गवत काळपट झालं, आणि पिवळ्यात लाल भरपूर असल्याने सोनकी पांढरीशुभ्र उठून आली. अंधाऱ्या पठारावर चांदणं सांडल्यासारखी. वरचं आकाश गडद झालं. सुळक्याची तांबूस कड लखलखली. मी ती पट्टी हातात घेतली आणि ठरवूनच टाकलं की हीच.

तिसरी हिरव्याला वाढवून. गवत उजळलं, पण सोनकी त्यात विरून गेली, कारण पिवळ्यात हिरवंही तितकंच असतं. चौथी निळ्याची, ती मी मागितलीच नव्हती. तिच्यात सोनकी चक्क काळी! धुरकटपणा दाट झाला, मागच्या डोंगररांगा पुसल्या गेल्या, आणि एकदम शंभर वर्षांपूर्वीच्या काचेच्या प्लेटवरच्या फोटोसारखं दिसायला लागलं. ते बरोबरच आहे. सुरुवातीच्या प्लेटा निळ्यालाच मुख्यतः जाग्या असत. जुन्या फोटोंत आकाश इतकं कोरं पांढरं का असतं हे मी मुलांना तोंडी सांगत आले. आता ती पट्टी वर्गात नेते.

लाल पट्टीवरून बोलणं ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन फोटोग्राफरवर गेलं. एप्रिल १९२७ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीत हाफ डोम या कड्यासमोर तो उभा होता आणि जवळ शेवटच्या दोन प्लेटा उरल्या होत्या. पहिली पिवळ्या फिल्टरने घेतली. मग त्याच्या लक्षात आलं की आकाश आणि कडा आपल्याला जसे जाणवताहेत तसे ते येणार नाहीत. दुसरी गडद लाल फिल्टरने घेतली, आकाश जवळजवळ काळं केलं, आणि पुढे गाजला तो दुसराच फोटो. मालक म्हणाले की ही गोष्ट ऐकून लोक सगळीकडे लाल फिल्टर लावतात. लाल फिल्टर निळं आकाश काळं करतो, पांढरं आकाश नाही. माझ्या फोटोत वरचा तिसरा हिस्सा गडद झाला होता आणि क्षितिजाशी धुरकं तसंच पांढरं होतं. त्यामुळे वरून काळा पडदा सोडल्यासारखा दिसत होता. मला तो दुकानात दिसला नाही, घरी दुसऱ्या दिवशी दिसला. एकदा दिसल्यावर मात्र दुसरं काही दिसेना.

मी त्यांना हेही विचारलं की उजव्या कोपऱ्यात कोणाचा तरी निळा तंबू आला आहे, तो ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लपतो, तर तेवढ्यासाठी तरी तेच घ्यावं का. त्यांचं उत्तर मला पूर्ण पटलं. रंगातली चूक झाकायला म्हणून ब्लॅक अँड व्हाइट करू नका, ते म्हणाले. तंबू काढायचा तर तंबू काढा, म्हणजे कडेने अर्धा इंच कापा. कापलं. फोटोचं काही बिघडलं नाही, उलट सुळका मधोमधपणातून थोडा सुटला. दुपारी बाराचा मेलेला फोटो "मूडी" करायला म्हणून राखाडी करणारी माझ्यासारखी खूप माणसं आहेत. प्रकाश सपाट असेल तर तो करड्यातही सपाटच राहतो, आणि मग रंगही हातातून गेलेला असतो.

रंगीत पट्ट्यांवर आम्ही दुकानात कमी बोललो, ही माझी चूक. मला तेव्हा रंग म्हणजे सोपा मार्ग वाटत होता. निसर्गाचा रंगीत फोटो म्हटलं की कॅलेंडर डोळ्यांसमोर येतं, भडक हिरवं, भडक निळं. आणि गंभीर काम म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, असं कुठेतरी मनात बसलेलं. फोटोग्राफर रघुबीर सिंह यांनी आयुष्यभर याच्या उलट बाजू मांडली. १९९९ मध्ये ते गेले, पण गंगा, राजस्थान, मुंबई, सगळं त्यांनी रंगातच पाहिलं, आणि इथल्या माणसाची नजर मुळात रंगाची आहे, करडी नजर ही बाहेरून आलेली गोष्ट आहे, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. मला ते इतकं टोकाचं पटत नाही. वैशाखातला नाणेघाट, नुसता कातळ आणि वाळलेलं गवत, करड्यात जास्त खरा वाटतो. पण सोनकीच्या महिन्यात हे त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही, एवढं या पट्ट्यांनी मला शिकवलं.

घरी सहाही पट्ट्या अण्णांच्या खोलीतल्या त्याच भिंतीवर कागदी चिकटपट्टीने ओळीने लावल्या. दुकानात दिवसाच्या उजेडाचा खास दिवा आहे, आमच्याकडे एलईडीची ट्यूब आणि पूर्वेची खिडकी. फरक फार पडतो. सकाळी खिडकीच्या उजेडात बरायटावरचा काळा रंग सुंदर दिसायचा आणि त्याच कागदावर खिडकी अख्खी चमकायची, पलंगावरून निम्मा फोटो दिसायचा नाही. फोटो रॅग कुठूनही बघा, शांत. त्यावर काळा तितका खोल जात नाही, त्यामुळे लाल पट्टीचं नाट्य फोटो रॅगवर अर्धं झालं असतं. कागद कुठला आणि रंग की ब्लॅक अँड व्हाइट, हे दोन प्रश्न सुटे सोडवता येत नाहीत, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

आता अण्णा. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जूनच्या पहिल्या आठवड्यात झालं, डाव्याचं बाकी आहे. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं आणि निळा उजेड अडवतं. ते काढून नवीन भिंग बसवलं की पांढरं एकदम निळसर पांढरं दिसायला लागतं. अण्णा पट्टी हातात घ्यायचे, एक डोळा झाकायचे, मग दुसरा. "या डोळ्यानं कडा निळा दिसतो, या डोळ्यानं मातकट. खरा कोणता गं?" मी म्हटलं, उजव्या डोळ्याने दिसतो तो. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. इतकी वर्षं तोच कडा त्यांनी हळूहळू मातकट होत जाताना पाहिला होता आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

मला वाटलं, मग तर ब्लॅक अँड व्हाइटच बरं. ते दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसेल. मी लाल पट्टी पुढे केली. त्यांनी ती बराच वेळ बघितली. चांगली आहे म्हणाले. मग विचारलं, "ही पांढरी फुलं कसली?"

मी म्हटलं, "सोनकी आहे अण्णा."

"सोनकी पांढरी कुठं असती? मला वाटलं गेंद फुललाय. म्हंजी श्रावण-भादवा." मग रंगीत पट्टी उचलली. "हां. ही सोनकी. म्हंजी घटाचे दिवस. पाऊस गेला. गाडी आता वरपर्यंत जाती, चिखलात अडकत नाय."

एका फुलाच्या रंगावरून त्यांनी महिना ओळखला आणि महिन्यावरून रस्ता. माझ्या लाडक्या पट्टीत आकार होता, कड होती, उजेड होता. महिना नव्हता. त्या क्षणी माझं ठरलं, आणि तेव्हापासून मी प्रत्येक फोटोला तोच प्रश्न विचारते: रंग काढला तर यातली कोणती माहिती जाईल? जाणारी माहिती बघणाऱ्याला हवी असेल तर रंग ठेवायचा. सुळका सुळकाच राहत असेल, ढग ढगच राहत असतील, आणि उलट हिरव्याच्या गर्दीतून ते बाहेर येत असतील, तर रंगाने वाट मोकळी करावी.

त्याच सकाळचा वीस मिनिटांनंतरचा फोटो मग मी पुन्हा उघडून बघितला. त्यात ढग पठारापर्यंत चढून आले आहेत, सोनकी गेली, जीवधनचा निम्मा माथा आणि वानरलिंगीचं टोक तेवढं वर राहिलंय. रंगीत फाइलमध्ये रंग जवळजवळ नव्हताच, नुसता दुधी निळसरपणा. तो बरायटावर ब्लॅक अँड व्हाइट काढून घेतला, बारा बाय अठरा, माझ्यासाठी. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळ्या पायऱ्या त्यात आहेत. त्यावर पिवळ्याला किंचित वर आणि निळ्याला किंचित खाली, एवढंच केलं.

तक्रारीची एक गोष्ट झाली, तीही लिहायला हवी. ही दुसरी प्रिंट पहिल्या खेपेला घरी आणल्यावर ट्यूबखाली हिरवट दिसली. दुकानातल्या दिव्याखाली ती नितळ करडी होती. रंगीत शाया मिसळून करडा बनवला की असं होतं, एका उजेडात जुळतो, दुसऱ्यात फुटतो. मशिनमध्ये ब्लॅक अँड व्हाइटसाठी वेगळी पद्धत आहे, ज्यात मुख्यतः काळ्या आणि करड्या शायाच वापरल्या जातात. त्या दिवशी मालक बाहेर होते आणि हाताखालच्या मुलाने नेहमीच्या सेटिंगवर काढून दिली. परत नेल्यावर मालकांनी ती माझ्याबरोबर खिडकीपाशी, दिव्याखाली, जिन्यातल्या ट्यूबखाली धरून बघितली, चूक मान्य केली आणि दुसरी विनामूल्य काढून दिली. तरी माझी एक फेरी वाया गेली, आणि पावसात प्रिंटची नळी सांभाळत कोथरूड गाठणं सोपं नाही. ब्लॅक अँड व्हाइट काढायला देणाऱ्यांनी देतानाच सांगावं की ब्लॅक अँड व्हाइटच्या मोडवर काढा.

जाणाऱ्यांसाठी थोडं. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नका, तिथे ती दाबली जाते. पेनड्राइव्ह न्या. माझा कॅमेरा निकॉन डी ७२००, फोटोची रुंदी ६००० पिक्सेल. चोवीस इंचांना इंचाला २५० पिक्सेल मिळतात, आणि मऊ कागदावर ते पुरतात. कडेने कापलं तरी फरक जाणवला नाही. कॅमेऱ्यात मोनोक्रोम, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, लावून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, घेत जा. मागच्या पडद्यावर करडं दिसतं, फाइलमध्ये रंग सगळा शाबूत राहतो, आणि निर्णय घरी आणता येतो. लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजेडावर ठेवून फोटो सुधारला असेल तर प्रिंट अंधारी येणार. माझी पहिली रंगीत पट्टी तशीच आली होती. मालकांनी सोनकीचा पिवळाही थोडा उतरवला, कारण फार गडद पिवळा कागदावर नुसता ठिपका होतो, पाकळी दिसत नाही. उतरवल्यावर पाकळ्या दिसल्या.

सहा पट्ट्यांचे ६०० रुपये झाले, त्यातले ३०० मोठ्या प्रिंटमध्ये वळते केले. मोठी प्रिंट २४०० ला पडली. फ्रेम ते करत नाहीत. दुकान पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे, गाडी लावायला जागा नाही. सकाळी गेलात तर मालकांना बोलायला वेळ असतो, संध्याकाळी लग्नाच्या अल्बमवाल्यांची गर्दी असते. प्रिंट हातमोजे घालून, मध्ये पातळ कागद देऊन गुंडाळून देतात. पावसाळ्यात घरी आणल्यावर लगेच उलगडून सपाट ठेवा, कापसाचा कागद ओल धरतो.

रंगीत प्रिंट अण्णांच्या पलंगासमोर लागली आहे. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. सहाही पट्ट्या एका वहीत घालून ठेवल्या आहेत, त्या तेव्हा पुन्हा त्यांना दाखवणार आहे.